वायर, काळी, जाड, एक नग

फोनवर मंदाकिनीकाकू कुजबुजत होत्या.

"तेजू, घरात चोरी झाली गं."

"काय गेलं?"

"वायर."

तेजश्री इंदापूरला वीज मंडळात कनिष्ठ अभियंता होती. वायर गेल्याच्या तक्रारी तिच्या टेबलावर रोज यायच्या. उजनीच्या पाण्यावर बसवलेल्या पंपांच्या केबली चोर रातोरात कापून न्यायचे आणि सकाळी मालक येऊन तिच्या नावानं शिमगा करायचे. पण वायर गेली म्हणून कुजबुजणारं माणूस तिनं आजच ऐकलं.

"मोटारीची का?"

"छे गं. ह्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरची. अद्वयनं सिंगापूरहून आणलेली, ती अजगरासारखी. बाकी कशाला हात लावला नाही. चांदीचं ताम्हन शेजारीच होतं, तेही नेलं नाही." काकूंच्या आवाजात किंचित अपमान होता. मग तो आवाज आणखी खाली गेला. "आणि तेजू, पोलिसांनी भानुदासभाऊजींना चौकीवर बसवून ठेवलंय."

भानुदास म्हणजे तेजश्रीचे आबा.

तिनं फोन ठेवला आणि बारामतीची एसटी पकडली.

काकूंचे यजमान नीळकंठराव आणि भानुदास यांची उभी नोकरी वालचंदनगरला एकाच कारखान्यात गेली. एक इंजिनियर, दुसरे इलेक्ट्रिक खात्यात फोरमन. रिटायर झाल्यावर नीळकंठरावांनी बारामतीत बंगला बांधला, भानुदास लासुर्ण्याला आपल्या उसात परतले. दोघांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे गाणं. दर रविवारी भानुदास बारामतीला जायचे आणि दोघं हॉलमध्ये डोळे मिटून बसायचे. बघणाऱ्याला वाटावं, दोघांना एकदमच गुंगीचं औषध दिलंय.

लहानपणी तेजश्रीही त्यांच्यात बसायची. "डोळे मीट," नीळकंठकाका म्हणायचे, "आणि तबल्याचा डावा हात कुठे बसलाय ते सांग." ती बोट दाखवायची. काका खूश होऊन अख्ख्या खोलीला सांगायचे, "ह्या पोरीचा कान बघा!" दहावीनंतर तिला इंजिनियरिंगला घालायची की नाही यावर लासुर्ण्याला चर्चासत्र चाललं होतं, तेव्हा स्कूटरवरून येऊन ते मोडीत काढणारेही काकाच.

आता बारामतीची वीज म्हणजे कालव्याचं पाणी. वरच्या अंगाला कुणी म्हैस धुतली की खालच्या अंगाला कळतं. शेजारच्या गल्लीत वेल्डिंग सुरू झालं की नीळकंठरावांचे स्पीकर खरखरायचे. घरात मिक्सर लागला तर गाणाऱ्या बाईच्या घशात शेंगदाणे अडकल्यासारखं वाटायचं. म्हणून भानुदासांनी ओसरीत बसून, स्वतःच्या हातानं तांब्याची तार गुंडाळून एक ट्रान्सफॉर्मर केला, त्याला स्टॅबिलायझर जोडला आणि सगळं लोखंडी पेटीत घालून आणून दिलं. त्याला सगळे 'डबा' म्हणत. डबा उचलायला दोन माणसं लागायची आणि त्यांना सूचना द्यायला तिसरं. एका बाजूनं घाण वीज आत जायची, दुसऱ्या बाजूनं धुऊन बाहेर यायची.

मग नीळकंठरावांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात ती वायर पाहिली आणि पुण्यातल्या मुलाकडे, अद्वयकडे, तो कामासाठी सिंगापूरला चालला असताना हट्ट धरला. डबा ते अ‍ॅम्प्लिफायर एवढंच तिचं काम. मनगटाएवढी जाड, वर सापाच्या कातीसारखी जाळी, किंमत एका दुभत्या म्हशीची. ती दुमडायची नाही. दुमडली की आतलं तांबं दुखावतं, असं नीळकंठराव सांगायचे. अद्वयनं विमानात ती गोल वेटोळं करून मांडीवर घेऊन आणली होती, झोपलेलं मूल आणावं तशी.

पण ज्यानं आणली त्याचाच तिच्यावर विश्वास नव्हता. "वायरीनं आवाज बदलतो म्हणे! बाबा, डोळ्यांवर पट्टी बांधतो. कधी ही लावतो, कधी साधी. ओळखून दाखवा." नीळकंठरावांनी दिवाळीच्या आधी चार लोकांसमोर आव्हान घेतलं. येत्या रविवारी ती परीक्षा होती. आणि आज, गुरुवारी, वायर गेली.

---

चौकीवर हवालदार दत्तोबांनी तिला खुर्ची दिली.

"बसा म्याडम. गुन्हा अवघड हाय. ह्येच बगा." त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. "वायर, काळी, जाड, एक नग."

"चौकशी केलीत?"

"पयला कुंडलिक भंगारवाला धरला. त्यो म्हनला, इतक्या जाड वायरीत तांबं उलीसं आन रबरच लय. जाळली तर नुसता वासच पदरात पडंल. कोन आनून दिल ती?"

"मग आबांना का बसवलंय?"

"कुलूप तुटल्यालं न्हाय. कडी उचकाटल्याली न्हाय. म्हनून मी इचारलं, बाहेरच्यापैकी किल्ली कुनाकडं हाय? नीळकंठराव म्हनले, भानुदासकडं."

"बाहेरच्यापैकी?"

"मी तसंच इचारलं. त्येंनी तसंच उत्तार दिलं."

तेजश्रीला आठवलं. किल्ली देताना काका सगळ्यांसमोर म्हणाले होते, भानुदास घरचाच माणूस.

"आन कारन बी हाय," दत्तोबा पुढं सरकले. "डबा केला तुमच्या आबांनी. पर वायर आली तवापास्नं समदं कवतिक वायरीचं. डब्याला कोन कुत्रं इचारत न्हाय. मानसाला लागतं, म्याडम. सोमवारी साहेब कागद फुडं पाठवत्याल. तवर न्या त्यास्नी घरी, पर हजर ऱ्हायला पायजे."

आबा कोपऱ्यातल्या बाकड्यावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते.

"आबा, तुम्ही घेतली?"

"न्हाय."

"मग कुणी घेतली?"

"मला काय ठावं?"

आबांची एक खोड होती. खोटं बोलताना ते जवळच्या स्विचबोर्डाकडं बघायचे. पहिलं उत्तर त्यांनी तिच्या डोळ्यांत बघून दिलं होतं. दुसरं चौकीच्या स्विचबोर्डाला दिलं.

---

तिनं आबांना रसवंतीत बसवलं आणि बंगल्याची बेल दाबली. बेल आत स्वयंपाकघरात वाजली. त्याच वेळी खिडकीतून दिसणाऱ्या हॉलमध्ये, नीळकंठरावांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर, एक लाल दिवा लागला.

"हे काय नवीन?" दार उघडणाऱ्या काकूंना तिनं विचारलं.

"तुझ्या आबांनीच बसवलाय. गाण्यात बेलचा व्यत्यय नको म्हणे."

नीळकंठराव उठून उभे राहिले. एका दिवसात वाळल्यासारखे दिसत होते.

"ये, बेटा. बघ काय झालं ते."

तेजश्री अ‍ॅम्प्लिफायरसमोर गुडघ्यांवर बसली. आवाजाचं बटण शून्यावर. अ‍ॅम्प्लिफायर बंद, डबा बंद, भिंतीवरचा स्विच बंद. सगळ्यावर काकूंनी शिवलेलं आच्छादन, चुण्या सारख्या केलेलं. चोर मोठा वळणाचा होता. सहसा चोर आच्छादनाच्या चुण्या काढत बसत नाहीत.

"काका, शेवटची कधी पाहिलीत वायर?" तिनं मागच्या बाजूला वाकून विचारलं.

उत्तर नाही.

"काका?"

"इकडे बघून बोल, तेजू. खाली मान घालून काय बोलतेस? माणसानं मान वर करून बोलावं."

ती ओशाळली. उठून उभी राहिली आणि पुन्हा विचारलं.

"बुधवारी रात्री. सकाळी पाहतो तर नाही."

"दुसरी वायर लावून पाहिलीत? आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरची पिन अशीच असते. आणून देते."

"ह्याला? कॉम्प्युटरची?" नीळकंठरावांनी छातीवर हात ठेवला. "त्यापेक्षा मी मौनव्रत घेईन."

"मग रविवारची परीक्षा?"

"कशाची परीक्षा आता? अद्वयला कळवलंय, रद्द." बोलता बोलता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. गुरुजी आजारी पडल्याचं कळलेल्या पोराच्या चेहऱ्यावर येतं, तसं.

"काका, आबांचं नाव तुम्ही दिलंत."

"मी किल्लीचं सांगितलं. खरं तेवढंच सांगितलं." ते चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

आत काकूंनी मिक्सर लावला. खोबऱ्याची चटणी चालली होती. तेजश्री दचकली आणि धावत स्वयंपाकघरात गेली.

"काकू! काका घरात असताना मिक्सर?"

या घरात मिक्सरला संचारबंदी असायची. गाणं नसलं तरी नीळकंठरावांना तो आवाज कानात खिळा ठोकल्यासारखा वाटायचा. काकू वर्षानुवर्षं चटणी पाट्यावर वाटत होत्या.

"दिवाळीपासून काही म्हणत नाहीत," काकू समाधानानं म्हणाल्या. "सुधारले. पण आता भलत्याच गोष्टींवर चिडतात. आज सकाळचंच बघ. तक्रार द्यायला गेले, तर स्कूटर पंक्चर. भिगवण चौकातून ढकलत आणली, घामाघूम होऊन. म्हटलं, अहो, मागं स्टेपनी आहे ना? चार पोरं मदतीला आली असतील चौकात. तर माझ्यावरच ओरडले, स्टेपनीला हात लावायचा नाही म्हणाले."

तेजश्रीनं खिडकीतून पाहिलं. अंगणात स्कूटर उभी होती. मागच्या चाकात हवा नव्हती. पाठीवर रेक्झिनच्या काळ्या खोळीत गोल, गुबगुबीत स्टेपनी होती.

ती बराच वेळ बघत राहिली. मग काकूंना म्हणाली, "रविवारी अद्वयला यायला सांगा. आणि पुन्हा चटणी करा. मी हात वर केला की मिक्सर लावायचा."

परतीच्या एसटीत तिनं आबांना विचारलं, "आबा, तो लाल दिवा खरंच कशाला बसवलात?"

एसटीत स्विचबोर्ड नव्हता. आबांनी थोडा वेळ शोधला. मग ते खिडकीबाहेर विजेच्या खांबांकडं बघायला लागले. लासुर्णे येईपर्यंत एकेक खांब नीट बघितला.

---

रविवारी हॉल भरला. अद्वय पुण्याहून आला. दत्तोबा गणवेशात आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकले. भानुदास दाराशी उभे राहिले. इतकी वर्षं ते ज्या खुर्चीवर बसत ती रिकामी होती, पण कुणी 'बसा' म्हटलं नाही आणि ते आपण होऊन बसले नाहीत.

"काका," तेजश्री त्यांच्याकडं तोंड करून म्हणाली, "वायर सापडली. मी जोडलीसुद्धा."

आच्छादनाखाली मागून काही दिसत नव्हतं. नीळकंठरावांचे डोळे झटकन खिडकीबाहेर अंगणात जाऊन आले. मग त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"सापडली? वा. छान झालं."

"ऐकून सांगा, तीच आहे ना."

तिनं रेकॉर्ड लावली. ठुमरी सुरू झाली. नीळकंठराव खुर्चीत मागं रेलले आणि सवयीनं डोळे मिटले. तेजश्रीनं हात वर केला.

आत मिक्सर लागला.

स्पीकरमधून जे बाहेर आलं त्याला ठुमरी म्हणवेना. खर्रर्र करत कुणी पत्र्यावर खडी ओतावी तसं. अद्वय ताडकन उठला. दत्तोबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. त्यांची टोपी पडली, ती उचलायला हात काढायची त्यांची छाती होईना.

नीळकंठराव गुडघ्यावर बोटानं ताल धरून होते. चेहरा शांत.

"तीच," ते डोळे मिटूनच म्हणाले. "आवाज बघा कसा काचेसारखा. अजिबात खरखर नाही."

दाराशी भानुदासांनी मान खाली घातली.

तेजश्रीनं सुई उचलली. आत मिक्सरही थांबला. खोलीत इतकी शांतता झाली की दत्तोबांनी टोपी उचलल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. एक सोडून.

आच्छादन बाजूला करून तिनं वायर दाखवली. करंगळीएवढी, ऑफिसच्या कॉम्प्युटरची. डब्याला बगल देऊन थेट भिंतीत खुपसलेली.

नीळकंठरावांनी डोळे उघडले आणि ती पाहिली.

"दत्तोबा," तेजश्री म्हणाली, "चोरानं वायर का नेली हे आपण विचारत होतो. विकायला नाही, कुंडलिकनं सांगितलंच. अ‍ॅम्प्लिफायर बंद पाडायलाही नाही, ही एवढीशी लावली तरी तो चालतो. वायर गेल्यानं एकच गोष्ट थांबली. आजची परीक्षा."

"मंग?"

"परीक्षा कुणाला नको होती? अद्वयला हवी होती, जिंकायची खात्री होती. आबांना? वायर हरली असती तर श्रेय पुन्हा आबांच्या डब्याला मिळालं असतं. तुम्ही म्हणता तसा त्यांना राग असेल, तर त्या रागापायी त्यांनी वायर जिवापाड जपली असती. रविवारपर्यंत तरी."

दत्तोबांनी हिशेब जुळवल्यासारखी मान हलवली. "ह्ये मला सुचाय पायजे व्हतं."

"उरलं कोण? घरातून न तोडता न फोडता नेणारा. नेताना सगळी बटणं क्रमानं बंद करून चुण्या सारख्या करणारा. काका, दिवाळीपासून तुम्हाला मिक्सर ऐकू येत नाही. बेल ऐकू येत नाही, म्हणून लाल दिवा. मी वाकून बोलले तर ऐकू आलं नाही. ओठ दिसले पाहिजेत. आणि परीक्षेत डोळ्यांवर पट्टी असणार होती."

नीळकंठराव तिच्या ओठांकडं एकटक बघत होते.

"पुरावा काय?" अद्वय पुटपुटला. त्याला उत्तर नको होतं.

"ही वायर दुमडायची नाही, असं ज्याला वाटतं तो ती कुठं लपवेल? दुसऱ्या कुणी पिशवीत कोंबली असती, तुकडे केले असते. ह्या माणसाला गोल जागा लागणार. दत्तोबा, अंगणात स्कूटर आहे. पंक्चर झाली तरी जिची स्टेपनी उघडली नाही, ती."

दत्तोबा गेले. बाहेर खोळीचा बंद सुटल्याचा आवाज आला. परतले तेव्हा खोळीत स्टेपनीच्या जागी घातलेलं, चाकाच्या आकाराचं काळं वेटोळं त्यांनी दोन्ही हातांवर धरलं होतं, सत्काराला आणलेल्या हारासारखं. कुणाच्या गळ्यात घालायचा ते ठरत नसल्यासारखे ते मधेच उभे राहिले.

काकू हात पुसत दारात आल्या होत्या.

"तुम्हाला ऐकू येत नाही?" त्या म्हणाल्या. "मला बोलला नाहीत?" मग थोडं थांबून, स्वतःशीच, "लग्न झाल्यापासून मी बोलते ते ह्यांना ऐकू येत नाही. फरक पडलाय हे मला तरी कसं कळणार?"

कुणी हसलं नाही. त्यांनीही विनोद केला नव्हता.

"आधी झांज गेली," नीळकंठराव म्हणाले. त्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. "मग सतारीच्या तरफेच्या बारीक तारा. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, परत येणार नाही. अख्खी बारामती माझा कान मानते. त्या कानानं मी एका पट्टीखाली बसून काय सांगणार होतो? वायर मोडवली नाही. फक्त ठेवली. परीक्षा टळली की सापडली म्हणणार होतो."

"आणि आबा?" तेजश्री म्हणाली. ती मान वर करून, एकेक शब्द ओठांत नीट धरून बोलली. "आबांचं काय करणार होता?"

"हवालदारांनी विचारलं किल्ली कुणाकडे. मी... मला वाटलं, भानुदासला कोण काय करणार? चार दिवसांत मिटेल."

"चौकीत बसले ते. टोपी मांडीवर घेऊन. बाहेरचा माणूस म्हणून."

"त्याला माहीत होतं, तेजू. कानाचं त्याला एकट्याला माहीत होतं. दिवा त्यानंच बसवला. मी शपथ घातली होती."

"म्हणूनच ते बोलले नाहीत," ती म्हणाली. "चोर कोण ते त्यांना चौकीतच कळलं होतं. तरी तुमची शपथ पाळली. आणि तुम्ही त्यांचंच नाव दिलंत."

तिला वाटलं होतं, हे बोलून झालं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. डोळे मिटून तबल्याचा डावा हात शोधायला शिकवणाऱ्या माणसाला तिनं डोळे मिटायला लावूनच पकडलं होतं.

दत्तोबा खाकरले. "आता गुन्हा कुनावर लावायचा? मालकानं सोताचीच वायर चोरून सोताच्याच गाडीला लावली. साहेबास्नी ह्ये सांगू कसं?" त्यांनी वेटोळं हळूच टेबलावर ठेवलं, दुखावणार नाही असं.

भानुदास पुढं आले. त्यांनी खिशातून किल्ली काढली. सुतळीत ओवलेली, वर्षानुवर्षं हाताळून गुळगुळीत झालेली. ती त्यांनी डब्यावर ठेवली, आपण गुंडाळलेल्या तांब्याच्या डोक्यावर.

"बाहेरच्या मानसाकडं घराची किल्ली नसावी, नीळकंठराव," ते म्हणाले. मान खालीच होती आणि आवाज हळू.

नीळकंठराव पुढं वाकले.

"काय म्हणालास, भानुदास? इकडे बघून बोल."

भानुदासांनी वर पाहिलं नाही. ते दारापाशी गेले, चपला पायात सरकवल्या आणि पायऱ्या उतरले.

"काय म्हणाला तो?" नीळकंठरावांनी अद्वयला विचारलं. अद्वय जमिनीकडं बघत होता. त्यांनी काकूंना विचारलं. काकू आत निघून गेल्या. मग त्यांनी तेजश्रीकडं पाहिलं, तिच्या ओठांकडं.

तेजश्रीनं ऑफिसची वायर भिंतीतून उपसली, चार पदरी दुमडली आणि पिशवीत कोंबली.